अक्काचा चिखल

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुबळीतच लॅमिंग्टन रोडवर चष्म्याच्या दुकानात होते. तो धक्का मी पचवला. सत्तरी ओलांडलेली, दम्याने पोखरलेली बहीण... कधीतरी हे होणारच, अशी मनाची तयारी होती. पण तीन आठवड्यांनी तिचा विद्यार्थी गिरीश याचा फोन आला, "बाई, शीतखोली रिकामी करायला लागलेत. अक्कांच्या गाळाच्या नळ्या बाहेर काढून टाकल्यात." तो मात्र मला अजून पचलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. गोड गोड आठवणी हव्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धारवाडच्या एका संस्थेत शिकवायची, आणि उभा जन्म तिने किनाऱ्यावरच्या एका खाडीतला चिखल तपासण्यात घालवला. घाट उतरून जायची, ओहोटीला गुडघाभर चिखलात उभी राहून प्लास्टिकची लांब नळी खाली दाबायची आणि आतला गाळ थरांसकट जसाच्या तसा वर काढायची. निघण्याआधी बांगड्या, अंगठी, गळ्यातलं, सगळं माझ्या हवाली. आई कळवळायची, "अगं, सवाष्ण बाई तू, भुंड्या हातांनी, ओक्याबोक्या गळ्यानं कुठं निघालीस?" त्यावर अक्का म्हणे, "आई, मी तिथं धातू शोधायला चालले. घरनंच घेऊन गेले तर काय सापडणार?" गाळ कापायचा तोही लाकडी पट्टीने, बोटभर जाडीचे काप करून. वरचा थर आजचा, तळचा आमच्या आजोबांच्या काळातला. तळचा स्वच्छ निघायचा. वरच्या थरांत, खाडीच्या उत्तरेला कारखाना आल्यापासून, शिसं नि कॅडमियम, दोन्ही विषारी धातू, चढत गेलेलं.

त्याच चिखलात खाडीकाठची मंगला आणि तिच्या जावा तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. विकतात, घरीही शिजवतात, पोरांना वाढतात. अक्काला काळजी होती ती त्यांच्या जिवाची. दर हंगामाआधी, अक्का निवृत्त झाल्यावरही, मंगला फोन करी आणि अक्का ताजा गाळ तपासून कुठला काठ टाळायचा ते सांगे. सरकारी कागदावर यातलं अक्षर नाही. अहवाल करायची वेळ आली तेव्हा तिच्या वरिष्ठांनी सुचवलं, अख्खी नळी एकत्र कालवा आणि एकच आकडा द्या. अक्का म्हणाली, "साय सगळ्या पातेल्यात ढवळायची, आणि मग दुधावर साय नाही म्हणायचं, असंच की नाही?" तिने सही केली नाही. अहवाल दुसऱ्या कुणाच्या सहीने गेला, सगळं मर्यादेत आहे म्हणून. तिची बढती अडली, गाडी बंद झाली, मग ती लाल बसने नळ्या मांडीवर घेऊन यायला लागली. आणि मी, तिची सख्खी बहीण, तिला म्हणाले होते, "सुम्म इरु अक्का, गप्प राहा, करून टाक की सही." दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिने.

प्रत्येक नळी ती उभी चिरायची. अर्धी तपासायला, अर्धी शीतखोलीत जपून. उद्या कुणी खोटं ठरवायला निघालं तर पुन्हा तपासता यावं म्हणून. त्याच अर्ध्या नळ्या आता बाहेर पडल्या होत्या.

मी धारवाडला पोचले त्या दिवशी तिथे तिचीच शोकसभा होती. विभागप्रमुख माईकवर म्हणाले, त्यांचा वारसा आम्ही जपू. मी उठले आणि म्हटलं, "वारसा जिन्याजवळ उन्हात पडलाय. आधी तो उचला, मग हार घाला." जिन्याकडे कुणी गेलं नाही. नंतरचा चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

गिरीशने आणि मी नळ्या रिक्षात घालून हुबळीला माझ्या घरी आणल्या. तीन फुटल्या होत्या, चिखल गळत होता. मी घाईघाईने तो स्टीलच्या डब्यांत भरला, चमच्याने अगदी निपटून. दुसऱ्या दिवशी गिरीशने झाकण उघडलं आणि परत लावून टाकलं. "बाई... हा आता तपासाला चालायचा नाही. डब्याचा धातू लागला त्याला." जन्मभर तिच्या बांगड्या सांभाळल्या मी, आणि एवढंही डोक्यात येऊ नये? त्या लोकांवर जेवढी चिडले तेवढीच स्वतःवर चिडले. बाकीच्या नळ्या माझ्या फ्रिजमध्ये आहेत, इडलीच्या पिठाशेजारी. त्या ठेवून घेईल अशी प्रयोगशाळा गिरीश शोधतो आहे. अजून कुणाचं उत्तर नाही.

अक्काचा मोबाइल मी बंद केलेला नाही. परवा तो वाजला. मंगला होती, तिला काहीच कळलं नव्हतं. "अक्का, ओहोटी चांगली लागलीय. यंदा कुठल्या अंगाला जाऊ?"

मी सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "मग आता आम्ही विचारायचं कुणाला?"

तिला म्हटलं, उत्तरेच्या काठाला पाऊल टाकू नकोस, एवढंच मला ठाऊक आहे. आणि विभागप्रमुखांचा नंबर दिला. रोज सकाळी लावायचा, जावांनाही लावायला सांगायचा, उचलेपर्यंत सोडायचं नाही. उचलला की नमस्कार करायचा आणि एवढंच विचारायचं... साहेब, आज पोरांच्या ताटात काय वाढू?