पश्चिमेच्या भिंतीवरची आई

क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर जुन्या इमारतींची तपासणी सुरू झाली, तेव्हा दूर न्यू लिन उपनगरात आमच्या घराजवळच्या ग्रीक चर्चलाही नोटीस आली. भिंतींना आधार द्या, नाहीतर कुलूप लावा. मी तेव्हा भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं घरोघर वाटत हिंडायचे. चर्च सांभाळणाऱ्या आजीबाईंनी मला रस्त्यात गाठलं. आमच्यासाठीही एक लिही, म्हणाल्या, आणि आत घेऊन गेल्या.

देव, पुजारी, घुमट यांच्यावर माझं एक ठरलेलं भाषण होतं. ते सुरूच झालं नाही; मान आपोआप वर गेली.

ते चर्च त्यांच्या गावच्या मध्ययुगीन चर्चबरहुकूम बांधलेलं, चित्रंही त्याच रीतीची, ओल्या गिलाव्यावर काढलेली. चार खांब, त्यांवर कमानी, कमानींवर घुमट. घुमटाच्या गळ्याशी अरुंद खिडक्यांची रांग, त्यामुळे तो सगळा भार उजेडावर टेकलाय असं वाटायचं. अगदी वर येशू, खाली संदेष्टे, मग येशूच्या आयुष्यातले प्रसंग, आणि तळाशी माझ्याएवढ्या उंचीचे संत, मोर्चात उभे राहतात तसे खांद्याला खांदा लावून. निळा इतका खोल की हात लावायची हिंमत होईना.

दारावरच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक बाई मरून पडलेली. भोवती शिष्य रडतायत. मागे तिचा मुलगा येशू उभा, हातात दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. कुणाचं, मी विचारलं.

"ते बाळ म्हणजे तीच," आजीबाई म्हणाल्या. "तिचा आत्मा. आता आईला त्यानं उचलून घेतलंय."

मी पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला आणि बघत राहिले. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

आणि भिंतींना आधार द्यायच्या आराखड्यात नेमकी याच भिंतीवर स्टीलची फ्रेम होती. त्या बाईच्या छातीतून बोल्ट जाणार होते. आराखडा कुणाचा म्हणून बघितलं, तर ज्याच्या घरात मी खोली घेऊन राहत होते त्या दादाचा. पुण्याचा इंजिनियर, हुशार माणूस. संध्याकाळी मी त्याला जेवू दिलं नाही. तो म्हणाला, ड्रॉइंगवर तिथे फक्त 'प्लास्टर' लिहिलंय. म्हणजे तू भिंत न बघताच तिला भोकं पाडणार, असं मी म्हटल्यावर तोही चिडला.

"काढ पत्रक. भूकंप काही पत्रक वाचून थांबत नाही. भिंत पडली तर खाली माणसं असतील."

 शनिवारी मी त्याला तसाच, जँडल्सवर, म्हणजे रबरी चपलांवर, चर्चमध्ये ओढत नेला.

तो आधी घुमटाकडे बघत राहिला. भार कमानींतून खांबांत कसा उतरतो ते बोटाने हवेत काढत होता. मग वळला आणि त्याला पश्चिमेची भिंत दिसली. आजीबाईंनी बाळाचं सांगितलं. माझे मुद्दे तयार होते, एकही लागला नाही. दादा बाहेर गेला, भिंतीभोवती दोनदा फिरला, विटा ठोकून बघितल्या.

"आतून नको," तो म्हणाला. "फ्रेम बाहेरून घेऊ. पण दिसायला हीप्स घाण दिसेल, एकदम घाण."

मी ते आजीबाईंना इंग्रजीत सांगितलं.

"दिसू दे," त्या म्हणाल्या. "आमच्या गावच्या चर्चलाही बाहेरून नुसते दगड आहेत."

फ्रेम बाहेरून बसली. रस्त्यावरून चर्च ईस्ट टामाकीच्या कारखान्यांच्या भागातल्या गोदामासारखं दिसायला लागलं. मला ते भयंकर आवडलं.