तिरडीवरचा गुप्तहेर

बेंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाची एक पद्धत आहे. महिन्यातून एका रविवारी सगळे मिळून सकाळच्या खेळाला सिनेमा पाहतो, आणि सिनेमा सुटल्यावर कोणी परस्पर घरी जायचं नाही. बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या हॉलवर यायचं, कॉफी घ्यायची, खुर्च्या गोल मांडायच्या आणि माइक हातोहात फिरवत प्रत्येकाने सिनेमाबद्दल बोलायचं. याला आम्ही फेरी म्हणतो. ही पद्धत पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्या मंडळींनी सुरू केली. आम्ही इथले जुने मराठी, ज्यांचे आजे-पणजेही बेंगळुरातच गेले, सिनेमा पाहून आलो की ‘चेन्नागित्तु’, म्हणजे छान होता, एवढं म्हणून जेवायला बसणारे. छान का होता हे कोणाला सांगावं लागत नसे. माझ्यासारख्याला ते शिकावं लागलं. मी शिकलो, कारण मला त्या मंडळींत बसायचं होतं. पुढे त्यांनी मला सेक्रेटरी केलं. जुन्या घरांतला पहिला सेक्रेटरी. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात खरेदी खात्यात इतकी वर्षं काढून मला जो मान मिळाला नाही, तो या मंडळात मिळाला असं मला वाटायचं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, मंडळाचा मुलांचा मराठी वर्ग घ्यायची. दर रविवारी संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये. भावजी, म्हणजे तिचे यजमान, जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस ती त्या रविवारची तयारी करण्यात घालवायची. कधी गोष्ट पाठ करायची, कधी पुठ्ठ्याचे प्राणी कापायची. मुलं तिला अक्काच म्हणत. तिची मराठी आमच्या घरची होती, बोलता बोलता कानडी येणारी. ‘स्वल्प थांबा रे’, ‘सुम्ने बसा, गडबड नको.’ स्वल्प म्हणजे जरा, सुम्ने म्हणजे गप्प. मुलंही तसंच बोलू लागली होती आणि काही पालकांना ते आवडत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण वर्ग फुकट होता आणि मुलं रडत न जाता हसत जात होती, म्हणून कोणी उघड बोललं नव्हतं.

त्या महिन्याचा सिनेमा मी निवडला. आधीच्या महिन्यात एक गंभीर मराठी सिनेमा लावला होता, त्याला इतकी कमी माणसं आली की थिएटरवाल्याने आम्हाला सगळ्यांना पुढच्या रांगेत बसा म्हणून विनंती केली. म्हणून या वेळी हिंदीतला एक गाजत असलेला गुप्तहेराचा विनोदी सिनेमा घेतला. मखमली कोट घातलेला हेर, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात कंगवा. मारामारी करताना केस विस्कटले तर थांबून विंचरणारा. कशाचीही भीडभाड नाही. मंत्री, बाबा, पोलीस, स्वतःची आई, सगळ्यांची टर.

थिएटरात आमचे लोक इतके हसलेले मी कधी पाहिले नव्हते. आमचे अध्यक्ष, एरवी मोजून मापून बोलणारा माणूस, माझ्या पुढच्या रांगेत होते. त्यांचे खांदे हलत होते. त्यांच्या शेजारी पुण्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा अक्काच्या वर्गात होता. त्या पदराने डोळे पुसत होत्या. मागून कोणी शिट्टी मारली आणि वळून पाहिलं तर आमचे खजिनदार.

मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. हेराला शत्रूच्या गराड्यातून निसटायचं असतं, म्हणून तो प्रेत बनून तिरडीवर पडतो. पांढऱ्या कापडाखाली तोच मखमली कोट, आणि डोळ्यांवर काळा गॉगल, जो काढायला तो तयारच नाही. त्याची जोडीदारीण विधवा होऊन आक्रोश करते आणि रडता रडता त्याला सांगते, दारात किती जण आहेत, गच्चीवर किती. भटजी शत्रूचा माणूस. त्याला संशय येतो, तो उदबत्त्यांचा जुडगा प्रेताच्या नाकाशी धरतो. प्रेत शिंकतं. नाकातले कापसाचे बोळे सुटतात ते थेट भटजीच्या तोंडावर. मग तिरडी खांद्यावर घेऊन चौघे पळतायत, वर बसून हेर गोळ्या झाडतोय, आणि विधवा एकेका शत्रूला नारळाने झोडपतेय.

सगळं थिएटर हसून कोसळलं. आणि सगळ्यांत वर अक्काचं हसणं. तिला हसता हसता उचकी लागते. ती माझ्या दंडावर चापट्या मारत होती. "अय्यो तम्मा, बघ रे! शिंकलं, शिंकलं!" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ; पन्नाशी ओलांडली तरी मी तिचा तम्माच. मीही हसत होतो. माझ्या चष्म्याची काच ओली झाली.

आम्ही दोघं इतके का हसलो हे फक्त आम्हालाच ठाऊक होतं. भावजींना घरातून न्यायच्या वेळी गुरुजींचा फोन वाजला. मंत्र मध्येच सोडून त्यांनी फोन घेतला आणि कानडीत म्हणाले, "हो सार, इथलं आवरतच आलंय, माणूस हलका आहे. तुमचा सत्यनारायण वेळेवर होईल." माणूस हलका आहे! भावजी आयुष्यभर आपण बारीक आहोत म्हणून शर्टाच्या आत दोन बनियन घालत. अक्काने माझ्याकडे पाहिलं, मी अक्काकडे. तिने तोंड माझ्या खांद्यात खुपसलं आणि तिचं अंग गदगदू लागलं. मी तिला घट्ट धरलं, कारण मलाही आवरत नव्हतं. बायका म्हणाल्या, "रडू दे, मोकळी होऊ दे." त्यानंतर ती खरीच रडली, कितीतरी वेळ, पण आधी आम्ही हसलो होतो. नंतरच्या दिवसांत जेव्हा ती फार खचायची, तेव्हा मी हळूच म्हणायचो, "माणूस हलका आहे," आणि तिच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा.

हॉलवर फेरी सुरू झाली. माइक पहिल्यांदा पुण्याच्या बाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "करमणूक म्हणून ठीक आहे. पण मला एक फार खटकलं. मृत्यूची, वैधव्याची इतकी हीन चेष्टा? आपण मुलांना काय देतोय?" त्यांच्या डोळ्यांतलं काजळ हसून हसून पसरलेलं अजून तसंच होतं. पुढच्या गृहस्थांनी मान डोलावली आणि ‘बाईंशी पूर्ण सहमत’ म्हणाले. खजिनदारांनी आजकालच्या सिनेमातल्या उथळपणाबद्दल सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "तांत्रिक बाजू उत्तम, पण आशय चिंताजनक." एकेक जण असा बोलत गेला की जणू थिएटरात दुसरेच कोणी बसले होते.

मग माइक अक्काकडे आला. तिला माइक धरता येत नाही, ती तो हनुवटीला टेकवते.

"मला तर बाई फार मजा आली," ती म्हणाली. "ते प्रेत शिंकलं ना, तिथे मी हसून हसून मेले. आमचे हे असते तर सगळ्यांत आधी तेच शिट्टी मारते."

कोणी हसलं नाही. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "अक्का, राग मानू नका, पण तुम्ही स्वतः यातून गेलात. तुम्हाला हसू कसं येऊ शकतं?"

"गेले म्हणून तर येतं गं."

"हे जरा विचित्र नाही वाटत?"

"विचित्र काय त्यात? सगळेच हसत होते की. याला विचार," आणि तिने माइक माझ्या हातात दिला. "तम्मा, सांग रे. तू पण हसत होतास ना?"

तिच्या डोळ्यांत अजून हसू होतं. तिला वाटलं मी आता गुरुजींच्या फोनची गोष्ट सांगणार. सांगितली असती तर सगळे हसले असते. ती गोष्ट मी चांगली सांगतो. गोलातले सगळे माझ्याकडे पाहत होते. अध्यक्षांनी कॉफीचा पेला खाली ठेवला होता.

मी म्हणालो, "विनोदालाही मर्यादा हवी. हा सिनेमा निवडण्यात माझी चूक झाली. सेक्रेटरी या नात्याने मी सर्वांची क्षमा मागतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या.

परत जाताना रिक्षात बसल्यावर अक्काच म्हणाली, "जाऊ दे. तुला तसंच बोलावं लागतं. सेक्रेटरी आहेस."

मी म्हणालो, "हो ना."

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्या आठवड्यात अध्यक्षांनी कमिटीची बैठक त्यांच्या घरी घेतली. विषय मुलांचा वर्ग. "केवळ सिनेमाचं निमित्त नाही," ते म्हणाले. "पालकांचं बरेच दिवस चाललंय. मुलं घरी ‘आई, स्वल्प भात वाढ’ म्हणतात. आणि परवाचं अक्कांचं बोलणं… एक प्रकारची परिपक्वता लागते शिक्षकाला." पुण्याच्या बाई वर्ग घ्यायला तयार होत्या. पुस्तकंही त्यांनी ठरवून ठेवली होती.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. ते माझ्याकडे वळून सरळ म्हणाले, "त्या तुमच्या भगिनी आहेत. तुमची हरकत असेल तर हा विषय आपण इथेच थांबवू. अगदी मोकळेपणाने सांगा."

विषय थांबवणं माझ्या हातात होतं. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतो, कारण मनाची पळवाट काढायची सवय मला माहीत आहे. मला कोणी भाग पाडलं नाही. ‘माझी हरकत आहे’ एवढं म्हणायचं होतं. पण त्याच वेळी मला दिसलं की मी तसं म्हटलं की मी पुन्हा त्यांच्या लेखी इथला जुना माणूस होणार, बहिणीचा भाऊ, स्वल्प-सुम्ने बोलणाऱ्या घरातला. मी म्हणालो, "माझी काही हरकत नाही. मंडळ आधी, नाती नंतर."

हे शेवटचं वाक्य अध्यक्षांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं.

अक्काला सांगायला मीच गेलो. ती जमिनीवर बसून पुठ्ठ्याचे काळे गॉगल कापत होती, मुलांना हेर-हेर खेळवायचं म्हणून. हेर शहरभर हिंडतो आणि चोरलेली मराठी अक्षरं शोधून आणतो, अशी काहीतरी गोष्ट तिने रचली होती. मी म्हणालो, "अक्का, कमिटीने वर्ग त्या पुण्याच्या बाईंना द्यायचं ठरवलंय."

ती कात्री धरून तशीच बसली. "का रे?"

"पालकांचं म्हणणं… भाषेबद्दल. आणि त्या दिवशीचं."

"हसले म्हणून?"

 तिने कापलेले गॉगल एकावर एक रचले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू भांडला असशील."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. फक्त मान हलवली, कशीतरी, आणि तिने तिला हवा तो अर्थ घेतला.

"एकटा पडलास ना रे?" तिचा आवाज भरून आला. वर्ग गेला हे ऐकताना तो भरून आला नव्हता. "त्या सगळ्या शिकलेल्या लोकांत तू एकटा. माझ्यामुळे तुला ऐकून घ्यावं लागलं. हे बघ, माझ्यासाठी सेक्रेटरीपद सोडू नकोस हं. आपल्या घरातलं कोणीतरी तिथे हवं."

"बरं," मी म्हणालो.

"जेवून जा. चित्रान्न केलंय."

मी जेवलो. तिने त्या लिंबाच्या भातातले शेंगदाणे वेचून माझ्या ताटात घातले.

त्यानंतर मी तिला खरं सांगायचं म्हणून अनेकदा निघालो. एकदा तिच्या दारापर्यंत जाऊन घंटा वाजवली आणि तिने दार उघडल्यावर विजेचं बिल भरलंस का, असं विचारून परतलो. आता रविवारी संध्याकाळी हॉल उघडून देणं माझ्याकडे आहे. पुण्याच्या बाई वेळेवर येतात, मुलं ओळीत बसतात, वर्गात छान शांतता असते. अक्का त्या वेळी काय करते हे मी विचारलेलं नाही.

परवा आमच्या चुलतभावाच्या नातीचं बारसं झालं. सगळी जुनी घरं जमली होती. पंगतीत मी बसलो होतो, अक्का वाढत होती. कोणीतरी तिला विचारलं, "वर्ग सोडलास म्हणे?"

"सोडला नाही गं, काढून घेतला," ती वाढता वाढताच म्हणाली, पुरेशा मोठ्याने. "पण माझा तम्मा भांडला माझ्यासाठी. सगळ्या कमिटीशी, एकटा. असा भाऊ मिळायला पुण्य लागतं."

पंगतीतली माणसं माझ्याकडे पाहू लागली. शेजारच्या वडीलधाऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घालून जेवत राहिलो, आणि त्या सगळ्यांना तो माझा साधेपणा वाटला.