क्रमांक एकेचाळीस

सुरतेतल्या भेस्तानच्या घरात, पलंगाखाली, धनश्री सोनवणे हिची एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात कार्बन कागद घालून लिहिलेल्या दोन वह्या आहेत आणि १६ जून २०१७ या तारखेचे एक पत्र आहे. दरवर्षी त्या तारखेला धनश्री ते पत्र काढून पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचत असे, राग कमी झाला की काय हे तपासत असे आणि पत्र घडीवर घडी घालून परत ठेवत असे. आठ वर्षांत राग तसूभरही उतरला नव्हता. तो उतरू नये म्हणून नवस बोलायचे तेवढे तिने बाकी ठेवले होते.

पत्रावर सही होती डॉ. धर्मेंद्र वशी यांची. शहरातल्या एका खाजगी संशोधन संस्थेत ते लोहाच्या चयापचयावर काम करत, आणि धनश्री त्यांच्या हाताखाली संशोधन साहाय्यक होती. प्रकल्प तिच्याच सूचनेतून उभा राहिला होता. कडोदऱ्याच्या लूमच्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत, बारा-बारा तास उभे राहणारे कितीतरी पुरुष फिकट दिसत, जिना चढताना धापा टाकत. तिचे वडील राघो त्याच खात्यांत मुकादम होते, म्हणून बासष्ट कामगार तयार झाले. जानेवारीच्या अखेरीस त्यांचे रक्त घेतले, बारा आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एप्रिलच्या अखेरीस पुन्हा रक्त घेतले. मोजायचे होते ते मुख्यतः दोन पदार्थ: शरीरात किती लोह साठले आहे हे सांगणारे फेरिटिन, आणि यकृतातून सुटणारे हेपसिडिन, जे वाढले की आतड्यातून लोह आत येण्याचा दरवाजा लागतो.

त्रेचाळीस जणांचे फेरिटिन वाढले. एकोणीस जणांचे ढिम्म हलले नाही. वशींना त्या एकोणिसांत मोठा शोध दिसला: सुताच्या कस्पटाने फुप्फुसे सुजतात, सुजेने हेपसिडिन वाढते, आणि म्हणून या कामगारांचे शरीर लोह नाकारते. अशांना गोळ्या देणे व्यर्थ.

धनश्रीची एक खोड होती. आकडा फार सुंदर दिसला की ती त्याच्या मागच्या बाजूला काय आहे ते पाहायची. उरलेल्या थेंबांवर तिने दोन्ही वेळचे रक्तगट तपासले. वहीच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर नोंद आहे: क्रमांक एकेचाळीस, किसन महाजन, जानेवारीत ओ, एप्रिलमध्ये बी. न वाढलेल्या एकोणिसांपैकी अकरा जणांचे गट बदलले होते. खाली तिने लिहिले आहे, ‘उरलेल्या आठांचे गट जुळतात. पण गट जुळला म्हणजे माणूस तोच, असे सिद्ध होत नाही.’

ते पान घेऊन ती वशींकडे गेली. वशींनी पान वाचले, दोनदा वाचले. मग सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा बेताने हसले.

“धनश्रीबेन, दोरो तूटे तो गांठ मारो. डेटामां गांठ नहीं मराय.”

धागा तुटला तर गाठ मारा. डेटात गाठ मारता येत नाही. लूमवाल्याच्या मुलीला आणखी काय सांगायचे, अशा नजरेने बाकीचे हसले. चार दिवसांनी पत्र आले: नळ्यांची अदलाबदल साहाय्यिकेच्या हलगर्जीपणामुळे झाली असून तिला प्रकल्पातून मुक्त करण्यात येत आहे. पुढच्या वर्षी ‘लोह नाकारणारे शरीर’ हा निबंध छापून आला. त्यात एकोणीसही होते आणि त्यांचे आकडेही होते. रक्तगटांची ओळ नव्हती, धनश्रीचे नाव नव्हते. निबंधाचा आधार दाखवून एका कारखानदार मंडळाच्या दवाखान्याने कामगारांच्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या.

धनश्री रडली नाही. ती बडोद्याला गेली, हेपसिडिनवरच पीएचडी केली, आणि २०२३ मध्ये सुरतेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायला परतली. आई मालतीबाई शेजारणींना सांगत, “पोर लोखंडावर शिकनी, म्हनीसन तशीच व्हयनी.”

२०२५ च्या मे महिन्यात बातमी आली की त्याच निबंधाच्या बळावर वशी एका मोठ्या केंद्राचे संचालक होणार आहेत. धनश्रीने पेटी उघडली. तिचा सिद्धांत आठ वर्षे तयार होता: वशींनी दुसऱ्या वेळच्या काही नळ्यांत मुद्दाम भलत्यांचे रक्त भरले. तिने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिले, त्यात ‘बनावट’ हा शब्द तीनदा वापरला, आणि प्रत्येक वेळी तो लिहिताना तिला बरे वाटले. उणीव होती फक्त एका साक्षीची; ती मिळेपर्यंत पत्र पाठवायचे नव्हते. ती किसनला शोधायला कडोदऱ्याला गेली.

सकाळी सातला पाळी बदलली. किसन महाजन केसांतले कस्पट झटकत चहाच्या टपरीवर आला.

“एप्रिलमा?” तो म्हणाला. “ताई, मी ते अखाजीले गावले व्हतू. जानेवारीमा दिधं मी रक्त. एप्रिलनं रक्त पंडितनी दिधं.”

“कोण पंडित?”

“मन्हा मशीनवरना बदली कामगार. मानूस गावले गया तर मशीन उघडं ऱ्हास का? जो मशीनवर बसस, तोच रक्तबी देस.” मग त्याला हसू आले. “तुम्हन्या गोळ्या मातर मी इमानदारीखाल खादात. अशी भूक लागे, मन्ही बायको म्हने, डाक्टरीनबाईले सांग, गोळ्यासंगे पीठबी धाडो.”

“पंडितला कोणी पाठवलं?”

किसनने चहाचा कप खाली ठेवला. “तुमनाच आबानी.”

परतीच्या रिक्षात धनश्रीने हिशेब मांडला. गोळ्या किसनने खाल्ल्या आणि रक्त पंडितने दिले; मग फेरिटिन वाढलेले दिसणार कसे? रक्त घेण्याची तारीख तिनेच ठरवली होती. जानेवारीत बारा आठवडे मिळवले आणि उत्तर कॅलेंडरवर लिहिले. त्या आठवड्यात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, खानदेशी माणसांची निम्मी खाती रिकामी होतात, हे सोनवण्यांच्या मुलीला आठवले नाही. ती आतल्या खोलीत नळ्या लावत होती, बाहेर राघो नावे पुकारत होते, आणि संध्याकाळी तिने बासष्ट कागदांवर ‘ओळख पटली’ म्हणून सही केली होती. एकाही चेहऱ्याकडे न पाहता.

राघोंना लूमच्या खडखडाटाने कमी ऐकू येते, म्हणून ते मोठ्याने बोलतात. धनश्रीने पंडितचे नाव काढले, तेव्हा मात्र ते हळू बोलले.

“बासष्ट मानसं कबूल करी व्हतात तुले,” ते म्हणाले. “त्रेचाळीसच उनात. लोके काय म्हनतीन, मुकादमनी पोर आन् मानसं पुरी नईत? तुनं नाव खराब व्हवाले नको व्हतं. माले काय मालूम, तुम्हले तेच रक्त पायजे? आम्हले तेच मशीन पायजे ऱ्हास, मानूस नई.”

“आबा, कोण कोणाच्या जागी होतं, आठवतं?”

राघोंनी मान ताठ केली. आठ वर्षांपूर्वीच्या अखाजीला कोणत्या मशीनवर कोण बसला होता ते त्यांनी न अडखळता सांगितले. एकोणीस नावे. धनश्रीने ती वहीत उतरवली आणि वशींच्या एकोणिसांशी ताडून पाहिली. सतरा जुळली. दोघा बदली कामगारांचे फेरिटिन वाढलेले होते, आणि न वाढलेल्यांतले दोघे बदली नव्हतेच. या चौघांचे कारण आजही माहीत नाही, आणि ते माहीत असल्याचे धनश्रीने कुठेही भासवलेले नाही.

मग तिने जे घडले ते सांगणारे दुसरे पत्र लिहिले आणि दोन्ही पत्रे समोर घेऊन बसली. ‘बनावट’ असलेले पत्र वशींना कायमचे बुडवण्याच्या ताकदीचे होते, आणि आता ते खोटे आहे हे तिला ठाऊक होते. खऱ्या पत्रात बाप होता, ती स्वतः होती, बासष्ट खोट्या सह्या होत्या. पण वाचता वाचता तिच्या लक्षात आले की पहिल्या पत्रातून वशी निसटू शकतील. ते म्हणतील, नळ्या मी भरल्या नाहीत, आणि ते खरे असेल. दुसऱ्या पत्रातून निसटायला वाट नव्हती. तिने पहिले पत्र फाडले. दयेपोटी नव्हे.

त्या पत्रावरून चौकशी ऑगस्टमध्ये झाली. समितीत तिघे होते. वशी शांतपणे म्हणाले, “म्हणजे चूक धनश्रीबेनची. आणि त्यांच्या वडिलांची. मी आठ वर्षांपूर्वी हेच लिहिलं होतं.”

“तुम्ही नळ्यांची अदलाबदल लिहिली होती, सर. नळ्या बरोबर होत्या, माणसं बदलली होती,” धनश्री म्हणाली. “माझी आणि वडिलांची चूक पहिल्या परिच्छेदात आहे, सह्यांसकट. तुम्ही दुसऱ्या परिच्छेदात आहात. नळ्या बदलल्या असं तुम्ही खरंच मानत होता, तर त्याच नळ्यांचे आकडे निबंधात कसे?”

वशींनी चष्मा काढला, पुसला, घातला. समितीतल्या एका बाईंनी प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. वशींनी पुन्हा चष्मा काढला.

निबंध मागे घेतला गेला. संचालकपद दुसऱ्याला मिळाले. बंद झालेल्या गोळ्या दवाखान्यात पुन्हा सुरू झाल्या. धनश्रीलाही लेखी समज मिळाली आणि तिची बढती दोन वर्षे लांबली. ते पत्र तिने पेटीत जुन्या पत्राशेजारी ठेवले. सप्टेंबरमध्ये तिने किसनचे रक्त पुन्हा घेतले, या वेळी स्वतः, त्याच्या तोंडाकडे पाहत. गट ओ.

त्या संध्याकाळी तिने राघोंसमोर पांढऱ्या सुताचे दोन तुकडे ठेवले.

“आबा, यांना गाठ मारून द्या. तुमची, खात्यातली.”

राघोंनी बोटांवर थुंकी लावली. डोळ्यांना नीट दिसत नव्हते तरी निमिषात गाठ बसली, मोहरीहून बारीक. त्यांनी दोन्ही टोके ओढून दाखवली.

“सूत तुटी, पन गाठ नई सुटाव. कोनले देवानी शे?”

“आहेत एक ओळखीचे. त्यांना वाटतं, गाठ मारता येत नाही.”

मागे घेतल्याच्या सूचनेची छापील प्रत तिने तिहेरी घडी घातली, सूत आत ठेवले, पाकिटावर डॉ. धर्मेंद्र वशी यांचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या खिडकीवर पोचपावतीसह पाठवायला सांगितले.

पोचपावती नवव्या दिवशी आली. तिच्यावर वशींची सही होती. धनश्रीने ती २०१७ च्या पत्रातल्या सहीशेजारी धरली, बारकाईने ताडून पाहिली, आणि ओळख पटल्यावरच पेटी बंद केली.