परसरामले किती पायऱ्या दिसल्या

आमच्या गावच्या तलावाचा पानकर म्हणजे परसराम. पानकर म्हणजे कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, किती पाणी सोडायचं ते ठरवणारा. आज्यापासून हे काम त्याच्या घरात. तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. संक्रांतीला पाच पायऱ्या उघड्या पडल्या, की उन्हाळी धान लावायचं नाही, उरलेलं पाणी ढोरांचं. पायऱ्या मोजून खरं ते सांगायचं, एवढंच पानकराचं काम. माणूस सरळ. जेवताना लोणचं मागायलाही लाजायचा.

मागल्या साली पायऱ्या सात उघड्या होत्या. तरी बैठकीत देवानंद उठला. खताचं दुकान त्याचं, शिकलेला. म्हणे, "पाणी भरपूर हाय, लावा धान." भराभर हात वर गेले. माझाही गेला. मला वाटलं, शिकलेला माणूस, त्याले आपल्यापेक्षा जास्त समजत असन. पुष्पाबाईचाही गेला. घरी येताना मला म्हणते, "मनात नोयतं वो बाई माह्या. पर शेजाऱ्यापाजाऱ्यात वाईट कायले व्हा?"

बैठकीत परसराम तेवढा हात वर न करता खाली पाहत बसला होता.

"का परसरामभाऊ, तुह्या एकट्याच्याच डोळ्याले पाणी कमी दिसून राहिलं का?" देवानंद म्हणाला.

सगळे हसले. परसरामचा हात हळूहळू वर गेला. "पुरन पाणी," म्हणाला.

पुष्पाबाई घरी येताना तरी खरं बोलली. परसरामचं तसं नाही झालं. होळीपर्यंत तो स्वतःच लोकांना समजावू लागला, "पुरन ना, मी पायलो ना." त्याला ते खरंच वाटू लागलं होतं.

धान गर्भात आलं आणि तलावात चिखल उरला. लोंब्या पोकळ. म्हशी चिखलात तोंड घालून उभ्या. आणि ज्यांनी हात वर केले, तेच म्हणाले, "पानकरानंच तर सांगतलं पुरन म्हणून!"

यंदा संक्रांतीला मी धुणं घेऊन गेले, तर हा पायऱ्यांपाशी काठी घेऊन उभा.

"काकी, किती दिसते तुमाले?"

"काऊन रे? पानकर तू का मी?"

"तुमी सांगा आधी."

सहा होत्या, स्वच्छ. पण मला वाटलं, जरा डिवचावं, भांडेल तरी. म्हटलं, "चार."

काठी टेकवत तो एकेक पायरी उतरला. सहाव्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "हो, चारच."

माझ्या हातातलं लुगडं पाण्यात गेलं. "अरे बाबा, मस्करी केली मी! सहा हायेत!"

"हो का? मग सहाच असन."

"सांजच्याले बैठकीत सहा म्हणशील ना?"

"म्हणतो ना काकी."

बैठकीत देवानंद म्हणाला, "चारच पायऱ्या हायेत ना भाऊ?" परसरामनं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे.

"चारच," म्हणाला. मान खाली नव्हती. त्याला चारच दिसत होत्या.

मी ओरडले, "सहा हायेत रे!"

"काकीले मोतीबिंदू हाय," कोणीतरी म्हणालं. हात वर गेले. पुष्पाबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचाही गेला. मी माझा हात मांडीखाली दाबून बसले. मागल्या साली हे सुचायला पाहिजे होतं.

उद्या तलावाचं पाणी सुटेल. सोडायला परसरामच जाईल, त्याच पायऱ्या उतरून.