पाठ न दाखवणारे मामा

आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने आमचे मामा, यांनी उभ्या आयुष्यात कोणाला पाठ दाखवली नाही. यात शौर्याचा काही संबंध नाही. जालन्यात आमच्या मस्तगडच्या गल्लीत म्हैस सुटली की सगळ्यांच्या आधी मामा माडीवर पोचलेले असत. फक्त जिना तेवढा उलटा चढत. धारवाडकडच्या एका संगीत नाटक कंपनीबरोबर ते तरुणपणी जालन्यात आले. कंपनी इथेच बुडाली, आत्याने त्यांच्या गळ्यात माळ घातली आणि मामा कायमचे जालनेकर झाले. भरल्या सभागृहाकडे पाठ करणं म्हणजे वाढल्या ताटाला लाथ मारणं, ही कंपनीची शिकवण मात्र त्यांनी संसारातही सोडली नाही. वाण्याच्या दुकानातून ते उलट्या पावलांनी बाहेर पडत, म्हणून वाण्याने गुळाच्या ढेपी दारातून हलवल्या होत्या. पंगतीत वाढताना खेकड्यासारखे आडवे सरकत. आत्या वैतागायची. "अहो, सरळ चाला की! लोक हसून राह्यलेत." त्यावर मामा समाधानाने म्हणत, "हसतेत म्हणजे बघतेत की!"

पन्नाशीनंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलणं उरलं, गाणं गेलं. ज्यांवर घर चालायचं त्या गाण्याच्या शिकवण्या बंद पडल्या. दिवसभर ओसरीवर बसलेला तो माणूस बघवत नसे. आत्या मला म्हणाली, "ह्यांना कायतरी काम पाह्य रे. न्हाईतर हे काही जगत न्हाईत."

मी तेव्हा घनसावंगीला मास्तर होतो. तिथे टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग आलं आणि म्हाताऱ्या बापाचं काम करणारा नट ऐन वेळी आजारी पडला. मी मामांना नेऊन उभं केलं. आत्याही जीपमध्ये चढली. दिग्दर्शकाला मामांचा चेहरा एका नजरेत पसंत पडला, पण दृश्य निघालं पाठीचं! मुलाला एसटीत बसवून बाप उसातल्या वाटेने एकटा घरी परततो, कॅमेरा मागून बघतो. मामा चार पावलं टाकत आणि गर्रकन वळून कॅमेऱ्याकडे तोंड करत. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"काका, मला तुमची पाठ हवीय!"

"पाठीला काय अभिनय येतो साहेब? तोंड घ्या की!"

ऊन उतरत चाललं होतं. दिग्दर्शकाने कंटाळून गावातला दुसरा म्हातारा आणायला सांगितलं. मामांचं तोंड एवढंसं झालं. संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात आत्याने पदर खोचला, तरातरा उसातून गेली, वाटेच्या टोकाला कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा आडोशाला उभी राहिली आणि ओरडली, "या आता! मी बघून राह्यले!"

मामांना समोर प्रेक्षक मिळाला. ते चालू लागले. एक खांदा जरासा खाली आला, हात धोतराच्या सोग्याशी चाळवला, आणि पावलं अशी जड पडली की माझ्या शेजारचा जीपवाला डोळे पुसायला लागला. दिग्दर्शक स्वतःच टाळ्या वाजवत सुटला. मामा तेवढे तिकडे, आत्याला वाकून नमस्कार करत होते!

मालिका लागली त्या दिवशी अर्धं मस्तगड आत्याच्या खोलीत मावलं होतं. मामा टीव्हीशेजारी, लोकांकडे तोंड करून बसले. स्वतःचं काम त्यांनी आमच्या चेहऱ्यांवर पाहिलं. बायका पदराने डोळे टिपू लागल्या तसा गडी फुलत गेला. पुढे कितीतरी मालिका मिळाल्या, दोन सिनेमे झाले, बाजारात लोक वाट अडवून नमस्कार करू लागले. गळ्याने नेलं होतं त्याच्या दुप्पट पाठीने परत आणलं. प्रत्येक शूटिंगला आत्या जायचीच. तिची खुर्ची कॅमेऱ्याच्या नेमकी उलट बाजूला मांडायची असते, हे मुंबईच्या लोकांनाही पाठ झालं होतं.

मग आत्या गेली. काही महिन्यांनी एका मोठ्या कामासाठी फोन आला, तर मामा सरळ नाही म्हणाले. मी म्हटलं, "मामा, समोर मी उभा राहतो ना."

त्यांनी मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू राहशील रे, बराबर राहशील. पण तुझ्याकडं चालत यावं असं मला वाटायला पाहिजे की!"