नानांच्या मशीनची सुट्टी

चोपड्याला केळी पिकवून बाहेर पाठवणाऱ्या एका पेढीत कॉम्प्युटरची सगळी उस्तवार माझ्याकडे आहे. मी धुळ्याची. इथे आले आणि पहिली कितीतरी वर्षं चार म्हाताऱ्या मशीनांच्या मिनतवाऱ्या करण्यात घालवली. ट्रकच्या वजनकाट्याला एक, हजेरीला एक, माल रवाना करायला एक आणि पिकवण्याच्या खोल्यांचं तापमान सांभाळायला एक. चौघंही दिवसभर जेमतेम काम करायची, वीज मात्र पोटभर खायची.

शेवटी मालकांच्या मागे लागून मी एकच दणकट सर्व्हर आणवला आणि त्याच्या पोटात चारही मशीनं मांडली. कामं वेगळी, लोखंड एकच. एकाला कमी लागलं की उरलेली ताकद दुसऱ्याला. व्हर्च्युअलायझेशन हा शब्द मालकांना आवडला नाही, विजेचं बिल आवडलं. आता काळजी नको, असं मी फुशारून सांगितलं.

काट्यावर बसणारे नाना माझ्याही आधीपासूनचे. दर खंडेनवमीला ते काट्याचं मशीन बंद करून हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचे नाहीत. त्या दिवशी वजनाच्या पावत्या हाताने. नव्या मांडणीबद्दल मी त्यांना घाईघाईत एवढंच सांगितलं होतं, की तुमचं मशीन आता आतल्या खोलीतल्या काळ्या पेटीत आहे.

नवमीच्या सकाळी पेढीतली सगळी कामं एकदम थांबली. मी धावत आतल्या खोलीत गेले. पेटी बंद, तिच्यावर माळ आणि समोर नाना हात जोडून.

“नाना, हे काय केलं?”

“आज त्याले सुटी शे, ताई.”

माझं डोकं भडकलं. तेवढ्यात मालक दारात. “खोल्यांचं तापमान दिसत नाही. माल बिघडला तर? आधी एक मशीन बंद पडलं तर एकच काम अडायचं. दसरा झाला की जुनी चारही परत लावा.”

नानांचा चेहरा उतरला. ते माळ काढायला लागले, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. पेटीत चौघं आहेत हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

“माळ राहू द्या,” मी म्हणाले आणि सर्व्हर चालू केला. तापमानाचं मशीन आधी उठवलं, मग हजेरीचं, मग रवानगीचं. तिथे थांबले.

“मन्हं कोठे शे?” नानांनी विचारलं.

मी पडद्यावरची चौथी ओळ दाखवली. “हे तुमचं. तेवढं बंद ठेवलंय.”

“म्हणजे बाकीना बठ्ठा काम करतस, आन मन्हं सुटीवर?”

“हो.”

मालकांनी पुढे येऊन पडदा पाहिला. खोल्यांचं तापमान ठीक होतं. “जुनी राहू द्या गोदामात,” ते म्हणाले आणि काट्यावर पावतीपुस्तक पाठवायला गेले. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच खुर्चीत बसले.

नानांनी बोटावर कुंकू घेतलं आणि पडद्यावरच्या त्या चौथ्या ओळीला टेकवलं. माझ्या पडद्याला कोणी बोट लावलं तर मी चार शब्द ऐकवल्याशिवाय राहत नाही. तो ठिपका मात्र पुसला नाही. दसऱ्याला नानांनाच माझ्या खुर्चीत बसवलं आणि त्यांचं मशीन त्यांनीच चालू केलं.