शेवट पाहिला

माझा दादा भुताखेतांचे सिनेमे विकायचा. म्हणजे विकायचे दुकानाचे मालक. दादा ते निवडायचा, साफ करायचा, सीडीवर उतरवायचा आणि एका खोक्यात वीस-वीस बसवायचा. खोक्यावर नाव ‘वीस भयंकर’. ज्यांच्या घरी हा खोका आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितेय, कारण त्यांची एक वस्तू माझ्याकडे राहिलीये. सांगते पुढे.

दुकान टीव्ही दुरुस्तीचं, त्याच्यावर माडीत दादाची खोली. खिडकीला काळं कापड, दोन टीव्ही, रिळांचे गंजके डबे आणि आंबूस वास. कुठलं थिएटर बंद पडलं की मालक तिथली रिळं पोत्यात घालून आणायचे. कुणालाच नको असलेले सिनेमे. राक्षसाच्या पाठीवर पोशाखाची चेन दिसायची. उडती तबकडी म्हणजे दोऱ्याला लटकवलेलं पातेल्याचं झाकण. शास्त्रज्ञ वेडा दाखवायचा तर त्याचे केस विस्कटायचे, झालं काम.

गल्लीत दादाला सगळे भूतमास्तर म्हणायचे. वहिनी म्हणायची, "भुतांशीच संसार करायचा होता तर मला कशाला आणलंत?"

दादा म्हणायचा, "अगं, तुझी सवय व्हावी म्हणूनच तर ही नोकरी धरली."

हसा तुम्ही पण. तरी छाती ठोकून सांगते, त्याच्यासारखं काम कुणी करत नव्हतं. बाकीचे पाच मिनिटं बघायचे आणि कॉपी मारायचे. मग लोकांच्या घरी सिनेमा मध्येच तुटायचा. दादा प्रत्येक सिनेमा शेवटपर्यंत बघायचा, कितीही रद्दड असू दे. बघून झाला की पाकिटावर निळ्या पेनाने लिहायचा, ‘शेवट पाहिला’. ते लिहिल्याशिवाय सिनेमा खोक्यात जात नसे. खोक्याच्या मागचा मजकूरही त्याचाच. ‘राक्षस चाळिसाव्या मिनिटाला येतो, तोवर नुसतं बोलणं आहे. आवाज दोनदा जातो.’ मालक कपाळाला हात लावायचे.

"मास्तर, गिऱ्हाईक पळवून लावताय का?"

"पळणारं पळू दे. जे थांबेल ते आपलं."

आणि थांबायचे हो लोक. लांबलांबून यायचे, विचारायचे, नवा खोका कधी?

मग ती चूक झाली. एका कंपनीने खवल्यांच्या राक्षसाचे दोन सिनेमे काढलेले. तोच रबरी पोशाख, तीच हिरॉईन, झगासुद्धा तोच. एकात राक्षस दलदलीतून येतो, दुसऱ्यात आभाळातून. कुणीतरी कधीकाळी एकाचं शेवटचं रीळ दुसऱ्याच्या डब्यात ठेवलेलं. दादाने दलदलीवाला लावला, अर्धा झाला आणि खालून मालकांनी हाक मारली की बहिणीला दवाखान्यात नेलंय. ती मी. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, अचानक ठरलं. दादा सिनेमा तसाच सोडून चपला उलट्या घालून पळत आला. दोन दिवस माझ्या उशाशी बसला. तिसऱ्या दिवशी माल छापायला जायचा होता. त्याने पेन घेतलं आणि लिहिलं, ‘शेवट पाहिला’.

सगळ्या नोकरीत एकदाच खोटं लिहिलं, ते माझ्यापायी.

चार महिन्यांनी एका नर्सबाईंचं पत्र आलं. ‘साहेब, राक्षस दलदलीतला, मग शेवटी रॉकेटात बसून आपल्या घरी कसा गेला? आम्ही दोन वेळा पाहिलं.’ दादाचं तोंड उतरलं. मालक पोट धरून हसले.

"मास्तर, या सिनेमांत चालतं हो सगळं. लोक म्हणतील, वा, काय डोकं लावलंय!"

"लोक काहीही म्हणोत. मी पाहिला म्हणून लिहिलं आणि पाहिला नव्हता."

मालकांचं मन वळवायला त्याला आठवडा लागला. मग पुढच्या प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घातली. ‘दलदलीच्या सिनेमाचा शेवट चुकला आहे. चूक माझी. ही चिठ्ठी दुकानात आणा, बरोबर सीडी देईन.’ त्या सीडी तो स्वतः एकेक करून बनवायचा. एकाच सिनेमाच्या कॉपी, तरी प्रत्येक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. वहिनी म्हणाली, "अहो, राक्षस चिखलात बुडतोच ना दर वेळी?" तर म्हणे, "बुडतो. पण या सीडीत बुडतो का ते बघायला नको?"

गेल्या थंडीत दादा गेला. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले आता बरं आहे. मी खाली चहा आणायला गेले, तेवढ्यात. माझ्या उशाशी तो दोन दिवस बसला आणि मला दहा मिनिटं बसवलं नाही. जाऊ दे.

मालकांनी माडी रिकामी केली. चांगला माणूस आहे, पण ते काम करायला आता कुणी नाही. बिस्किटाचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "ताई, यात त्या दलदलीच्या सीडी आहेत. आता कोण येतंय? टाकून द्या." मी घरी आणला. उघडून बघितलं तर पाकिटं कोरी. सीडी बनवल्या होत्या, बघायच्या राहिल्या होत्या.

आणि महिन्याभरात आलाच एक जण. बसचा ड्रायव्हर, खाकी कपड्यातच. दुकानातून माझा पत्ता घेऊन आलेला, हातात घडी पडलेली चिठ्ठी.

"मास्तर आहेत का?"

मी सांगितलं. तो दारातच टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, "राहू द्या मग ताई. मला फक्त शेवट बघायचा होता."

डबा मागेच फळीवर होता. त्यातली एक काढून दिली असती तर गेला असता बिचारा. पण पाकीट कोरं. मी म्हटलं, "उद्या या. अजून तपासली नाही."

मी जन्मात त्यातला एक सिनेमा धड पाहिला नव्हता. दुपारी वहिनीकडे गेले, पडदे ओढले, सीडी लावली. वहिनी म्हणाली, "मला नाही बघायचं," आणि माझ्या शेजारी येऊन बसली. चाळीस मिनिटं नुसतं बोलणं. बरोबर लिहिलं होतं त्याने. मग राक्षस आला. वहिनीने माझा हात धरला.

"चेन दिसतेय गं!" असं म्हणून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मी सीडी थांबवली नाही. थांबवायची नसते. शेवटी राक्षस हळूहळू चिखलात गेला, वर बुडबुडे आले, एक मोठा बुडबुडा फुटला, मग अक्षरं आली आणि पडदा काळा झाला. काळा झाल्यावरही आम्ही थोडा वेळ बसलो, न जाणो पुढे काही असलं तर.

दादाचं निळं पेन वहिनीने कपाटातून काढून दिलं. माझं अक्षर वेडंवाकडं. लिहिलं.

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी आला. पाकिटावरचं वाचलं. "कोणी पाहिला?"

"मी. मास्तरांची बहीण."

त्याने सीडी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं.

तर ज्यांच्याकडे चिठ्ठी आहे त्यांनी दुकानात विचारा, ते माझ्याकडे पाठवतील. डब्यात अजून आहेत. रोज दुपारी एक बघून होते. आज मला शिवणकाम आहे म्हणून वहिनी एकटीच बसलीये. मी आतून ओरडले, "बुडाला का?"

"थांब," म्हणाली, "अजून बुडबुडे यायचेत."